गरसोळीचे वाढीव मणी

मोठी आई, परवा तुझ्या तेरवीला पुरणाच्या पोळ्या झाल्या. माझ्याही पत्रावळीवर एक पडली, वरून तुपाची धार. मी तशीच उठले आणि हात धुतले. मोठे बाबा भर पंगतीत बोलले, "मेलेल्या माणसाच्या नावाचं अन्न असं टाकते का कोणी? हेच शिकली का कालेजात?"

मी म्हटलं, "हो, हेच शिकली."

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, असं सगळे सांगतात. मीही बोलेन, पण आधी भांडेन. आपलं भांडण अर्धं राहिलंय. ऐन रंगात आलेलं भांडण सोडून उठायची तुझी सवयच होती. हरायला लागलीस की "थांब, दूध उतू जाईन" म्हणून चुलीकडे पळायचीस. दूध तापायलाही ठेवलेलं नसायचं. या वेळी निदान खोटं तरी बोलून जायचंस.

तू माझ्या वडलांच्या थोरल्या भावाची बायको. पण आमच्या वर्गात कोणी घरचं विचारलं की मी सांगायची, मला आया दोन आहेत. एकीने जन्म दिला आणि एकीने बस थांबवली. मुली हसायच्या. त्यांना काय माहीत! आपल्या गावावरून सकाळची आर्वीची एसटी एकच, आणि मी रोज उशिरा. तू शेणाचे हात तसेच घेऊन सडकेच्या मधोमध उभी राहायचीस. हात आडवा. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून दमायचा.

"बाजूले हो ना बाई, टाइम झाला!"

"टाइमाले काय भाकर लागते? थांब रे भाऊ, आमची कालेजची पोट्टी येऊन राह्यली."

"रोजचंच हाय तुह्या पोट्टीचं!"

"रोजच शिकते ना थे. एक दिवसाआड शिकते का?"

मी धावत यायची, तू डबा खिडकीतून आत कोंबायचीस, आणि बस हलली की कंडक्टर मला म्हणायचा, "तुह्या मायची दहशत हाय बावा." मी सांगायची नाही की ती माझी माय नाही. मोठे बाबा माझं लग्न लावायला निघाले होते, बारावीनंतर. तेव्हा तू भाकरी थापता थापता, मान वर न करता, एवढंच म्हणाली होतीस, "थे शिकीन." दुसऱ्या दिवसापासून घरात तो विषय निघाला नाही. बीएस्सीचा निकाल लागला त्या दिवशी गावभर पेढे वाटलेस आणि प्रत्येकाला सांगितलंस, "आमच्या घरातली पयली." आज मी कारंज्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. फळ्यावर माणसाचं शरीर काढते, गळ्याशी फुलपाखरासारखी ग्रंथी काढते, तिचं नाव पोरांकडून वदवून घेते.

आणि माझ्या घरात ती ग्रंथी आंब्याएवढी होऊन तुझ्या गळ्यात लोंबत होती. आता सांग, मी कोणावर चिडू?

*

तुझा गळा मी पहिल्यापासून तसाच पाहिला. आजीचाही तसाच होता म्हणे, आणि आजीच्या सासूचाही. आपल्या घरात त्याला गाठ म्हणायची बंदी होती. गाठ म्हटलं की मोठे बाबा डोळे वटारायचे. शब्द होता "भरला गळा". आपल्या घरच्या सुनांचा गळा भरतो, म्हणजे घरात लक्ष्मी नांदते, अशी समजूत. कोणी काढली, कधी काढली, देव जाणे. गावात आता दुसऱ्या कोणाच्या घरी हे नाही. आपल्याच घरचं हे शहाणपण.

आणि ती गरसोळी. काळ्या मण्यांची, मधे सोन्याचे मणी, गळ्याला लागून बसणारी. इकडच्या सगळ्याच लग्न झालेल्या बाया घालतात, पण आपल्या घरची एकच, सासूकडून सुनेकडे येणारी. गळा वाढला की ती आवळायची. मग बाजाराच्या दिवशी पटवीण घरी बोलवायची. ती अंगणात बसून दोरा सोडायची, नवे काळे मणी घालायची, पुन्हा ओवून तुझ्या गळ्यात बांधायची. "वाढो बाई, अजून वाढो," म्हणायची. त्या दिवशी घरात पुरण.

लहानपणी मला तो दिवस फार आवडायचा, कारण पोळी मिळायची. मोठी झाले तेव्हा एक दिवस वर्गात गलगंड शिकवता शिकवता माझ्या हातातला खडू थांबला. माझ्या लक्षात आलं की जगात कुठल्याही घरी आजार वाढला की डॉक्टर येतो. आपल्या घरी पटवीण यायची. तुझा आजार जितका वाढायचा तितकं आपल्या घरी गोड शिजायचं.

माझ्या आईचा गळा मात्र सपाट. तीही याच घरची सून, धाकटी. पण मी पाळण्यात असतानाच आम्ही वेगळे निघालो, पलीकडच्या गल्लीत. आत्याबाई, म्हणजे मोठ्या बाबांची बहीण, दरवर्षी यायच्या आणि आईच्या गळ्याकडे पाहून म्हणायच्या, "धाकटीचा गळा काई भरला नाई बाप्पा. रिकामाच." आई मान खाली घालायची. माझी आई, जिला देवाने चांगला गळा दिला होता, ती त्याची लाज बाळगून पदर ओढून घ्यायची! आणि तू, जिला धाप लागत होती, तू मान ताठ करून बसायचीस. हे आपलं घर.

*

मागच्या हिवाळ्यात तुला जिन्याच्या चार पायऱ्या चढून दम लागला. उताणं झोपवेना. भाकरीचा घास अडकायला लागला. मी हट्टाला पेटले आणि तुला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तू पदर गळ्याभोवती घट्ट लपेटून घेतला होतास. गावात मिरवायचीस आणि वर्ध्यात लपवायचीस. म्हणजे तुलाही ठाऊक होतं ना गं? मनातून ठाऊक होतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चांगल्या होत्या. त्यांनी तुला पाणी गिळायला लावलं, मागे उभं राहून बोटांनी गळा चाचपला. फोटो काढले, सोनोग्राफी केली. मग म्हणाल्या, "गलगंड आहे. गॉयटर. कॅन्सर दिसत नाही. पण श्वासनळी दबली आहे, बाजूला सरकली आहे. ऑपरेशन करून घ्या. वाट पाहू नका."

मग विचारलं, "घरी मीठ कोणतं खाता?"

तू आनंदाने सांगायला लागलीस. घरच्या स्वयंपाकाचं कोणी विचारलं की तुझी गाडी सुटायची. "जाडं मीठ आणतो आम्ही, खड्याचं. टोपलीत घेतो, वरून दोन पाणी टाकतो. सारी माती निघून जाते. मंग उन्हात वाळवाचं अन बरणीत भराचं. माया सासूनं शिकवलं, तिले तिच्या सासूनं. आमच्या घरी बिनधुतलं मीठ कोणाच्या तोंडात जात नाई."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला. त्या म्हणाल्या, "आजी, पूर्वी मिठात आयोडीन नसायचं, तेव्हा असे गळे बऱ्याच घरी दिसायचे; आता मिठात आयोडीन घातलेलं असतं. ते वरवर असतं. तुम्ही तेच धुऊन टाकता." आणि माझ्याकडे वळून, "हेच एक कारण आहे असं मी म्हणणार नाही. पण एका चुलीवरच्या, रक्ताचं नातं नसलेल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या हे होत असेल, तर आधी मिठाचा विचार करावा लागतो. बायकांना हा त्रास जास्त होतो, म्हणून पुरुष सुटले असतील."

मी बोटांवर मोजायला लागले. रक्ताचं नातं नसलेल्या बायका! आजी आली आष्टीकडून, तिची सासू अजून कुठून, तू सेलूकडची. तिघींचं रक्त वेगळं, गाव वेगळं. घराण्याची खूण म्हणे! घराणं तर पुरुषांचं, आणि त्यांच्यातल्या एकाचाही गळा भरला नाही. सासूने सुनेला दोन गोष्टी दिल्या, एक गरसोळी आणि एक मीठ धुवायची टोपली. आणि माझी आई वाचली, कारण वेगळी निघाल्यावर तिला मीठ धुवायचा कंटाळा आला आणि तिने दुकानातून पुडी आणली. तिच्या त्या आळसावर तू किती वर्षं तोंडसुख घेतलंस, आठवतं?

*

परत येताना बसमध्ये तू मला विचारलंस, "त्या कागदावर काय लेहलं वं?"

"गॉयटर."

"त्याचा मतलब काय?"

आजार माहीत होता, पण शब्द कुठून आला ते मला माहीत नव्हतं. मी मोबाइल काढला. मास्तरीण आहे मी; विचारलेल्या शब्दाचा अर्थ न सांगता बसणं मला जमत नाही. पुलगाव येईपर्यंत शोधलं आणि मोठ्या ऐटीत तुला सांगितलं. हा शब्द फ्रान्स नावाच्या देशाकडून आला. तिथल्या डोंगराळ भागात लोकांचे गळे असेच सुजायचे. त्याच्याही मागे गेलं तर लॅटिन नावाची जुनी भाषा आहे, तिच्यात गळ्याला "गुत्तुर" म्हणतात. त्याचं झिजत झिजत गॉयटर झालं. आणि आपला गलगंड संस्कृतातला. गल म्हणजे गळा, गंड म्हणजे फुगवटा, सूज.

तू मन लावून ऐकलंस. मग म्हणालीस, "म्हणजे गोऱ्या लोकायनं बी गळ्याले गळाच म्हटलं."

"हो."

"अन आपल्या लोकायनं म्हटलं, फुगलेला गळा."

"हो."

"मंग तुहे मोठे बाबा 'भरला गळा' म्हणते, त्यात काय खोटं हाय? सारे एकच तर म्हणून राह्यले. एवढं सांगाले तुले वरसानुवरस बशीत बसवलं का मी?"

पुढच्या बाकावरचा म्हातारा खो खो हसला. तूही हसलीस, हसता हसता तुला ढास लागली, आणि तुझा गळा वरखाली होताना मी पाहिला. मला हसू आलं नाही. पण उत्तरही सुचलं नाही, मोठी आई. तुझ्याशी भांडताना मला उत्तर नेहमी दोन दिवसांनी सुचतं. या खेपेला एक वर्ष लागलं.

ऐक आता. ती नावं ठेवणाऱ्यांनी जे डोळ्यांना दिसलं तेच सांगितलं. एकाने म्हटलं, गळा. एकाने म्हटलं, सुजलेला गळा. त्यांना कारण ठाऊक नव्हतं. कारण ठाऊक नसताना माणूस दिसेल तेवढं नाव देतो, त्यात लाज नाही. डोंगरातल्या त्या लोकांना कोणी सांगितलं नव्हतं की त्यांच्या अन्नपाण्यात काय कमी आहे. पण त्यांनी सुजेला सूज म्हटलं. वैभव म्हटलं नाही. त्यांनी दुखण्याला दुखण्याचं नाव दिलं, आणि म्हणून कोणीतरी त्याच्यावर औषध शोधायला बसला. आपल्या घराने दुखण्याला लक्ष्मीचं नाव दिलं. लक्ष्मीवर औषध कोण शोधतं?

तो फरक आहे. मोठे बाबा आणि ते जुने वैद्य एकच बोलत नव्हते. तू जिंकली नव्हतीस त्या दिवशी. एवढं ऐकायला थांबली असतीस तर!

आणि त्या ग्रंथीचं नाव, थायरॉइड. तेही मी नंतर शोधलं, तुला सांगायला. ढालीसारखी, असा त्याचा अर्थ. गळ्यात पुढे ढालीसारखं एक हाड असतं, मऊ, त्यावरून शेजारच्या ग्रंथीलाही तेच नाव पडलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "ढाल हाय म्हणते ना, मंग काऊन काढून टाकतं?" ढालीनेच तुझा श्वास दाबला, एवढंच दिसतं.

*

खरं कारण तू मला आर्वीच्या स्टँडवर सांगितलंस. गावची बस लागायची होती. चहाचा ग्लास हातात, तू घोट घोट गिळत होतीस, सावकाश, कारण चहाही अडकत होता.

"ऑपरेशन केलं का गळा सपाट होते ना?"

"हो. छान होईल. श्वास मोकळा होईल."

"मंग गरसोळी ढिली पडीन."

"पडू दे की!"

तू ग्लासात पाहत म्हणालीस, "लग्न होऊन आली तवा माया सासूनं मले रिकाम्या गळ्याची म्हणून चुलीमांगं बसवलं. सण असो का पाहुणे असो, मी मांगंच. सासरे गेले तवा सासूची गरसोळी माया गळ्यात आली. मंग एक दिवस थे आवळाले लागली. पटवीण आली, मणी टाकले. त्या दिवशी सासूनं पयल्यांदा मले आपल्या बाजूले पाट टाकून जेवाले बसवलं. कोठीच्या चाब्या देल्या. तुले काय समजते रजने? तुह्याजवळ डिग्री हाय. मायाजवळ हाच गळा हाय."

हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. राग आला. अजून येतो. आजीवर, जी तुला गिळता न येण्याच्या बदल्यात पाट द्यायची. घरातल्या पुरुषांवर, जे ताटावर बसून पोळ्या खायचे आणि तुझ्या गळ्याचं कौतुक करायचे, पण रात्रभर तू भिंतीला टेकून बसतेस हे ज्यांना दिसलं नाही. आणि तुझ्यावर. सडकेत उभी राहून सरकारची बस अडवणारी बाई तू! तुला कोणाचा पाट हवा होता? तू पाट ओढून घेतला असतास तर कोणाची छाती होती तुला उठवायची?

तरी तू हो म्हणालीस. बस आली तेव्हा माझा हात धरून म्हणालीस, "बरं बावा, करून टाकू." तारीख ठरली. मी शाळेत रजा टाकली, कारंज्याहून पहाटेच निघाले, गावात उतरले. आणि गल्लीच्या तोंडाशीच मला वास आला. पुरणाचा.

अंगणात पटवीण बसली होती. तू तिच्यासमोर, मान वर करून. ती दोन बोटं तुझ्या गळ्यात आणि दोऱ्यात घालून माप घेत होती. "दोन बोटं ढील ठेवतो माय, म्हणजे लवकर आवळत नाई." मोठे बाबा ओसरीवर पान लावत होते. मला पाहून म्हणाले, "ये. बरोब्बर जेवाच्या टाइमले आली."

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. एवढंच म्हणालीस, "कापूस निघाल्यावर पाहू वं. आता वेचा सुरू हाय, वेचनाऱ्या बाया कोण पाह्यन?"

मी दारातूनच परत फिरले. तू मागून हाक मारलीस, "पोळी तरी खाऊन जाय!" ती हाक धापेत अर्धी तुटली. सडकेवर येऊन बस येईपर्यंत मी उभी राहिले. मला वाटत होतं तू येशील, सडकेत उभी राहशील, बस अडवशील आणि चढशील. तू आली नाहीस.

त्यानंतर आपण फोनवर बोलायचो ते पावसाचं, दुधाचं, तुझ्या सुनेच्या, पल्लवी वहिनीच्या शिवणकामाचं. मी प्रत्येक वेळी शेवटी विचारायची, "तारीख घेऊ?" तू म्हणायचीस, "दूध उतू चाललं." मी दुकानातलं मीठ पाठवलं, पुड्याच्या पुड्या. तू उलट निरोप दिलास, "हे पिठावानी मीठ धुताच येत नाई, पाण्यात इरघळून जाते. जे धुता येत नाई थे खाचं कसं?" मी शाळेत हे सांगितलं तर सगळ्या मास्तरणी हसल्या. मीही हसले.

यंदाचा कापूस निघायला लागला. तुला सर्दी झाली, सर्दी छातीत उतरली. आधीच दबलेल्या नळीला तेवढं पुरलं. गजूदादाने, तुझ्या लेकाने, जीप केली. आर्वी ओलांडली आणि पल्लवी वहिनीच्या मांडीवर तू गेलीस. ती सांगते, शेवटी तू दोन्ही हातांनी गरसोळी ओढत होतीस. तिने ती सोडली. दोरा सुटला तरी तुला श्वास आला नाही. कारण आवळत होतं ते दोऱ्याच्या आत होतं, मोठी आई. सगळ्या जन्मात कोणी दोऱ्याच्या आत पाहिलंच नाही.

*

तर परवा तेरवी. जेवणं उरकल्यावर आत्याबाईंनी पितळेच्या डबीतून तुझी गरसोळी काढली. पल्लवी वहिनीला पाटावर बसवलं. ती कारंज्याकडची, मितभाषी पोरगी. आपल्या घरात येऊन तिला फार वर्षं झाली नाहीत. आत्याबाईंनी तिच्या गळ्यात ती घातली आणि सगळ्या बाया हसल्या, कारण ती थेट तिच्या छातीपर्यंत लोंबली. तुझा गळा किती मोठा झाला होता ते त्या दिवशी मला पहिल्यांदा मोजून दिसलं.

बाजारची पटवीण तेरवीला आलीच होती. आत्याबाई तिला म्हणाल्या, "आता मणी काढून लहान करून दे. काढलेले मणी डबीत ठेवून दे वं पल्लवी, जपून. पुढं लागतीन."

पुढं लागतीन.

मी उठले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. मीठ, आयोडीन, गलगंड, गॉयटर, फ्रान्स, लॅटिन, सगळं एका श्वासात. बाया तोंडाकडे पाहत राहिल्या. मोठे बाबा गरजले, "चार बुकं शिकली म्हणून घरच्या रीतीले नावं ठेवतं? तुही मोठी आई याच गरसोळीत सन्मानानं गेली."

"जीपमध्ये गेली," मी म्हटलं. "तोंड उघडं टाकून गेली."

आईने माझा हात धरला. आणि तेव्हा पल्लवी वहिनी बोलली. पाटावर बसल्या बसल्या, हळू.

"मामंजी, गरसोळी मी घालतो. आत्याबाईची होती, मी नाई म्हणत नाई." तुला ती आत्याबाई म्हणायची, विसरली नाहीस ना? "पटवीणबाई, गळ्याले लागून बशीन एवढीच करा. ढील ठेवू नका."

पटवीण म्हणाली, "दोन बोटं तरी ठेवा लागते माय. आवळली म्हणजे?"

"आवळली म्हणजे मले समजीन. मंग मी तुमच्याकडे नाई येत, दवाखान्यात जातो. अन काढलेले मणी या घरात नाई ठेवाचे. रजनीताई, तुम्ही नेजा."

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. मोठे बाबा काठी घेऊन बाहेर गेले. गजूदादा इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, आईविना झालेला मोठा माणूस. त्याने कोणाकडेच न पाहता विचारलं, "उद्या सकाळच्या बशीनं गेलं तर दवाखाना भेटते का? एकदा आताच दाखवून घेऊ."

ते मणी आता माझ्याजवळ आहेत, रुमालात. मी ते फेकणार नाही. तुझे आहेत. प्रत्येक मणी म्हणजे एकेक वेळ, जेव्हा कोणीतरी तुला दवाखान्यात न्यायला हवं होतं आणि त्याऐवजी पुरण शिजलं. पण ते पुन्हा कोणाच्या गळ्यात जाणार नाहीत.

चांगलं बोलेन म्हटलं होतं ना, तर हे घे. काल सकाळी गजूदादा आणि मी सडकेवर उभे होतो. पल्लवी वहिनी आली नव्हती. मीठ धुवायची टोपली ती गोठ्यात नेऊन टाकत होती, म्हणाली एवढं करूनच येतो. तेवढ्यात वळणावर एसटी दिसली. ड्रायव्हर नवा होता, थांबायच्या बेतात नव्हता. मी सडकेच्या मधोमध गेले, पाय रोवले आणि हात आडवा केला.

हॉर्न वाजला. कंडक्टरने डोकं बाहेर काढलं. "ओ मॅडम, मरता का? बाजूले व्हा, टाइम झाला!"

मी जागची हलले नाही. तुझ्याच आवाजात ओरडले, मोकळ्या गळ्याने.

"थांब रे भाऊ, आमची वहिनी येऊन राह्यली."